खारपाणपट्ट्यांतील घोळीची भाजी

बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांवच्या उत्तरेस, संग्रामपूर तालुक्यांत वरवट बकाल नांवाचें गांव आहे. उत्तरेकडे सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेकडे पूर्णेचें खोरें, आणि मधें दृष्टि पोंचेल तेथवर काळी जमीन. मृग बरसून गेला आणि कपाशी-तुरीनें चार पानें टाकलीं, कीं तासांतून पहिला डवरा फिरतो आणि त्याच्या मागोमाग निंदणीच्या बाया बसतात. त्यांच्या खुरप्याखालीं जें जें येतें तें सारें तण या एकाच नांवानें बांधावर पडतें. परंतु अगदीं सारेंच पडत नाहीं. दुपार टळल्यावर एकीच्या ओट्यांत, दुसरीच्या पदराच्या गांठींत मूठ दोन मुठी हिरवा पाला वेगळा काढलेला दिसतो. त्यांत कुंजर असतो, तांदुळजा असतो, तरोट्याचीं कोंवळीं पानें असतात. आणि बहुधा घोळ असते. शेतांत जिला जागा नाहीं, तिला रात्रीं ज्वारीच्या भाकरीशेजारीं ताटांत जागा मिळते.

शहरांतील घरांत घोळ माहीत नाहीं असें नाहीं. बाजारांत तिच्या जुड्या येतात, आणि अलीकडे पावसाळ्यांत रानभाज्यांचे मेळे भरूं लागल्यापासून तर तिची पुष्कळच विचारपूस होते. पण जुडी विकत घेणें निराळें आणि जमिनीवरची वेल पाहून तिला ओळखणें निराळें. मंडईंत ओळखण्याचें काम भाजीवालीनें केलेलें असतें. रानांत, अंगणांत किंवा बंगल्याच्या आवारांत तें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें. आणि तेथें चूक झाली तर ती पोटाला भोंवते. म्हणून स्वयंपाकघराकडे वळण्याआधीं थोडा वेळ जमिनीवर बसणें इष्ट.

घोळ उभी वाढण्यापेक्षां जमिनीवर पसरणें पसंत करते. एका मुळापासून पांच-सात फांद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणें चहूंकडे जातात. फांदी गोल, गुळगुळीत, रसानें भरलेली आणि उन्हाच्या बाजूस तांबूस असते. पान लहानशा चमच्यासारखें. देंठाकडे निमुळतें, टोंकाला रुंद व गोलसर. तें जाड असतें, त्यावर शिरा जवळजवळ दिसत नाहींत, आणि बोटांत दाबल्यास पाणी सुटतें. फांदीच्या शेंड्याशीं पानांचा झुबका होतो आणि त्या झुबक्याच्या मधोमध पांच पाकळ्यांचें इवलें पिवळें फूल बसतें. हें फूल उन्हाचें भुकेलें. स्वच्छ सकाळीं तें उघडतें आणि कांहीं तासांत मिटतें. ढगाळ दिवशीं कित्येकदां उघडतच नाहीं. फूल गेल्यावर लहान बोंड धरतें, आणि तें पिकलें म्हणजे डबीचें झांकण निघावें तसा त्याचा वरचा अर्धा भाग अलग होतो. आंत खसखशीहूनही बारीक, काळें, चमकदार बीं असतें. असें झांकणाचें बोंड दिसलें आणि फूल पिवळें असलें, म्हणजे पाहणाऱ्यानें निम्म्याहून अधिक निश्चिंत व्हावें.

तिची धाकटी बहीण चिवळ. विदर्भांत उन्हाळ्याच्या दिवसांत चिवळीची भाजी मोठ्या हौसेनें खातात. तिचीं पानें अगदीं बारीक व टोंकदार, समोरासमोर जोडीनें येणारीं. फांद्या दोऱ्यासारख्या, पेरांपेरांशीं पांढऱ्या केंसांचा झुबका. आणि फुलाच्या पाकळ्या चार. या दोघींत अदलाबदल झाली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें पुढील दोन वनस्पतींशीं गल्लत झाल्यास.

पहिली वनस्पति म्हणजे नायटी, जिला कोणी दुधी म्हणतात. तिचे दोन-तीन प्रकार अंगणाच्या फरशांच्या फटींतून घोळीच्या शेजारींच उगवतात आणि तसेच जमिनीला बिलगून पसरतात. वरून पाहणाऱ्याला तांबूस फांद्या व लहान पानें एवढेंच दिसतें. हिची परीक्षा सोपी आहे. फांदी मोडावी. मोडलेल्या जागीं पांढरा चीक आला तर ती टाकून द्यावी आणि हात धुवावे. घोळीच्या फांदींतून निघतें तें स्वच्छ पाणी. दुधाचा थेंबही नाहीं. ही परीक्षा एका फांदीवर करून भागत नाहीं, कारण दोन्ही वेली एकमेकींत गुंतलेल्या असूं शकतात. ज्या जागेवर नायटी दिसली, तेथील प्रत्येक मूठ निवडून पाहावी.

दुसरी अधिक फसवी. तिला विषखापरा किंवा पांढरी घेटुळी म्हणतात. तिची फांदी मांसल, पान जाडसर, चीक नाहीं, आणि पसरणेंही तसेंच. शास्त्रज्ञांनासुद्धां तिच्या नांवांत घोळीची आठवण ठेवावीशी वाटली. एकादी सासरीं शहरांत राहणारी मुलगी श्रावणांत माहेरीं येते, हौसेनें परडी भरते, आणि ओट्यावर बसलेल्या आजीपुढें ठेवते. आजी वरचा एक देंठ उचलते आणि म्हणते, “नाही वं माय, हे घोळ नव्हे. पान पाय, एक मोठं अन् एक बारकं.” वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही नेमकें हेंच लक्षण दिलेलें असतें. विषखापऱ्याचीं पानें जोडीनें समोरासमोर येतात आणि त्या जोडींतलें एक दुसऱ्यापेक्षां स्पष्टपणें मोठें असतें. पानाला निराळा देंठ असतो, आणि तो देंठ फांदीशीं मिळतो तेथें पातळ पापुद्र्याची एक पिशवी होते. फूल त्या पिशवींतूनच डोकावतें. तें पांढरें किंवा गुलाबी असतें, पिवळें कधींच नसतें. या वनस्पतीचे कोंवळे शेंडे कोठें कोठें खाल्ले जातात हें खरें, परंतु जून पाल्यानें जुलाब होतात. ज्याला दोघींतला भेद अजून डोळ्यांनीं कळत नाहीं, त्यानें फूल येण्याची वाट पाहावी. आठ दिवस भाजी मिळाली नाहीं तर घर उपाशी राहत नाहीं.

आतां घोळीच्या चिकाटीविषयीं. शेतकरी तिच्यावर रागावतो तो उगीच नव्हे. एका जोमदार झाडाला लाखाच्या पुढें बीं धरतें आणि तें मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतें. फांदीचा तुकडा ओल्या मातीवर पडला तर पेरापाशीं मुळ्या फुटतात. उपटून बांधावर टाकलेली घोळसुद्धां आपल्या अंगच्या पाण्यावर जगते आणि पडल्या पडल्या बोंडें पिकवून बीं सांडते. डवऱ्यानें तिचे तुकडे झाले कीं एकीच्या चार होतात. म्हणून जाणती निंदणारी तिला नुसती बाजूला फेंकीत नाहीं. मुळें वर करून उन्हांत उलटी ठेवते, नाहींतर घरीं नेते. दुसरा उपाय अर्थातच अधिक चांगला.

एवढ्या उन्हांत, एवढ्या थोड्या पाण्यावर ती जगते कशी, हें कोडें शास्त्रज्ञांनींही उलगडून पाहिलें आहे. ऊंस व मका यांच्याप्रमाणें हवेंतील कार्बनवायु जलद पकडण्याची युक्ति घोळीच्या अंगीं आहे. त्याशिवाय पाण्याची ओढ लागली कीं ती निवडुंगाची युक्तिही वापरते. म्हणजे दिवसां पानांचीं छिद्रें मिटून घेते आणि वायु रात्रींच्या गारव्यांत आंत घेऊन आम्लाच्या रूपानें सांठविते. या दोन्ही युक्त्या ती एकाच पेशींत, एकमेकींत गुंतवून चालविते, असें २०२२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें. स्वयंपाक करणाऱ्या बाईला या शोधाचा उपयोग असा, कीं पावसानें ताण दिल्यावर पहांटे खुडलेली घोळ रात्रभर सांठलेल्या आम्लामुळें अधिक आंबट लागते, आणि तीच दुपार कलल्यावर खुडली तर तें आम्ल बरेंचसें खर्च होऊन गेलेलें असतें. ज्यांच्या घरीं आंबट आवडतें त्यांनीं सकाळीं जावें. मुलांसाठीं सौम्य भाजी हवी असेल त्यांनीं तिसऱ्या प्रहरीं.

आंबटपणाबरोबर तिला एक खारट चवही असते. 'भावप्रकाशां'त मोठ्या घोळीला बृहल्लोणी आणि घोटिका अशीं नांवें आहेत. गुजराथेंत तिला लूणी म्हणतात. लोणी हा शब्द येथें दुधाच्या लोण्याचा नव्हे, लवणाचा. जमिनींत मीठ असलें तरी घोळ खचत नाहीं; तें मीठ अंगांत वागवून ती वाढते. आणि येथें वरवट बकालचा प्रश्न उभा राहतो.

पूर्णेचें हें खोरें खारपाणपट्टा म्हणून ओळखलें जातें. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेंकडों गांवें त्यांत येतात. वर जमीन काळी, खोल आणि कसदार. पण खालीं विहिरीला लागतें तें पाणी खारें. तें पिकाला दिलें तर माती चोपण होते, आणि माणसानें प्यालें तर तहान भागत नाहीं. संग्रामपूर आणि जळगांव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें कित्येक घरांतील कर्तीं माणसें अंथरुणाला खिळलीं आहेत. पुष्कळ वर्षांपासून वृत्तपत्रांतून व विधिमंडळांतून या दुखण्याची चर्चा झाली, आणि त्याचा संबंध तेथील खाऱ्या पाण्याशीं जोडला गेला. वान धरणाचें गोडें पाणी नळानें गांवोगांव नेण्याची योजनाही त्याचसाठीं झाली.

अशा मुलखांत घोळीविषयीं बोलतांना तिच्या गुणांबरोबर दोषही सांगणें प्राप्त आहे. घोळींत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें, पालकांतल्याहून कमी नाहीं. हें आम्ल रक्तांत गेलें म्हणजे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतें, आणि वाटेंत चुन्याशीं मिळून त्याचे खडे बनूं शकतात. शिवाय शंभर ग्रॅम ताज्या घोळींत पोटॅशियम पांचशें मिलिग्रॅमच्या जवळपास असतें. निरोगी माणसास तें हितकरच. परंतु ज्याचें मूत्रपिंड अधू झालें आहे त्याच्या रक्तांत तें सांचून राहतें आणि हृदयाच्या गतीला धोका पोंचवितें. म्हणून ज्यांना मुतखड्याची खोड आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार झाल्याचें वैद्यांनीं सांगितलें आहे, त्यांनीं घोळ 'औषधी' म्हणून, कोणाच्या शिफारशीवरून, वाटीवाटीनें खाऊं नये. वैद्यांस विचारल्याशिवाय तर मुळींच नाहीं. रानभाज्यांच्या कौतुकाच्या भरांत प्रत्येक पाल्याला दहा रोगांवरचा रामबाण ठरविण्याची जी चाल पडली आहे, ती संग्रामपुरासारख्या तालुक्यांत जिवावर बेतणारी आहे.

निरोगी घरांसाठीं या दोषावर उपायही आहे, आणि गंमत अशी कीं तो वऱ्हाडांतल्या चुलीवर फार दिवसांपासून होत आला आहे. घोळ ताकांत किंवा दह्यांत करतात. दह्यांतला चुना पोटांतच त्या आम्लाला धरून ठेवतो, आणि अशी बांधलेली जोडी रक्तांत न शिरतां तशीच बाहेर पडते. न्यूझीलंडमधील संशोधकांनीं २००९ सालीं घोळीचीं पानें दह्यांत मिसळून पाहिलीं, तेव्हां त्यांतील विरघळणारें ऑक्झॅलेट कमी झालेलें आढळलें. तुर्कस्थानांतील घरांतही घोळ लसूण घातलेल्या दह्यांतच खातात. एकमेकींचें नांवही न ऐकलेल्या दोन मुलखांतल्या बायकांनीं तीच जोडी जमवावी, हें विचार करण्याजोगें आहे.

भाजी करण्याची रीत अवघड नाहीं, पण निवडण्यांत आळस करूं नये. घोळ जमिनीशीं लोळणारी असल्यानें तिच्या झुबक्यांत माती अडकते. कोंवळे शेंडे आणि मऊ देंठ घ्यावे, मुळाकडील जाड भाग टाकावा, आणि तीन पाण्यांनीं धुवावी. पहिल्या पाण्याच्या तळाशीं जी बारीक काळी वाळू दिसते, ती पुष्कळदां वाळू नसून बीं असतें. मग ती चिरून भरपूर उकळत्या पाण्यांत पांच मिनिटें ठेवावी आणि तें पाणी ओतून द्यावें. त्याबरोबर आम्ल व खार यांचा मोठा भाग निघून जातो. या पाण्याचें सार करूं नये. पुढें तेलांत मोहरी, जिरें, ठेंचलेला लसूण आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून तींत घोळ परतावी. शिजलेली तुरीची डाळ घोटून घातली तर पातळ भाजी होते. भिजविलेली मुगाची डाळ घातली तर कोरडी. घोळीला थोडी बुळबुळ असते, आणि डाळ किंवा बेसन ती आपल्यांत ओढून घेतें. ताकांत करावयाची असेल तर ताकाला चमचाभर बेसन लावावें, मंद आंचेवर सारखें हलवीत राहावें, म्हणजे तें फुटत नाहीं. मीठ अगदीं शेवटीं, आणि तेंही चाखून घालावें. खारपाणपट्ट्यांतील घोळीला नेहमींच्या मापानें मीठ पडलें तर भाजी वायां जाते. भांडें पितळी असल्यास त्याला कल्हई असावी, कारण भाजी आंबट आहे. हरभऱ्याच्या कोंवळ्या पाल्याचा कांदा, मिरची, तेल घालून जसा घोळाना करतात, तसे घोळीचे अगदीं कोंवळे शेंडे कच्चेही चांगले लागतात; मात्र ते तोंडीं लावण्यापुरते.

पोषणाच्या दृष्टीनें पाहिलें तर तिच्या शंभर भागांत त्र्याण्णव भाग पाणीच असतें. उरलेल्या सातांत क जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे, थोडें लोह आहे. आणि इतर पालेभाज्यांत क्वचितच एवढ्या प्रमाणांत सांपडणारें ओमेगा-३ जातीचें स्निग्धाम्ल आहे. माशांच्या तेलामुळें प्रसिद्ध असलेल्या या वर्गांतील एक आम्ल घोळींत चांगल्या प्रमाणांत असल्याचें १९८६ सालीं अमेरिकेंतील डॉ. आर्टेमिस सिमोपूलोस व नॉर्मन सेलेम यांनीं प्रसिद्ध केलें. सिमोपूलोसबाई मूळच्या ग्रीसच्या. तिकडील खेड्यांत मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या घोळ खातात, आणि त्यांच्या अंड्यांतही तें आम्ल अधिक उतरतें, असें त्यांनीं पुढें दाखविलें. थोरो या अमेरिकन लेखकानें तर 'वॉल्डन' या १८५४ सालच्या पुस्तकांत, शेतांतून खुडलेली घोळ मिठाच्या पाण्यांत उकडून आपण समाधानानें जेवल्याचें नमूद केलें आहे. मात्र रोज तीच खाण्याचा सल्ला त्याच्यापासून कोणी घेऊं नये. तो एकटा राहत होता.

विदर्भांत पाल्याच्या आहाराला मोठा पुरस्कर्ता लाभला तो वर्ध्यास. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यानंतर गांधीजींनीं १९३५ सालीं 'हरिजन' पत्रांत हिरव्या पानांच्या अन्नमूल्यावर लिहिलें, आणि गरिबाच्या ताटांत फुकट मिळणारा पाला यावा म्हणून आश्रमांत प्रयोग केले. पण गांवाला हा विचार अगदींच नवा नव्हता. ऋषिपंचमीच्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य मानून नांगराविना उगवलेली भाजी खाण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. वरवट बकालच्या शेजारीं शेगांवास तर या तिथीचें महत्त्व अधिक, कारण १९१० सालीं गजानन महाराजांनीं समाधि घेतली ती याच दिवशीं.

आपोआप उगवलेली भाजी म्हणजे निर्विष भाजी, हा समज मात्र आतां सोडावा लागेल. निंदणीला माणूस मिळेना म्हणून कपाशींत आणि सोयाबीनमध्यें तणनाशक फवारलें जातें. कीड मारण्याचीं औषधें तर त्याहून जहाल. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले. त्याच कपाशीच्या तासांत घोळ उगवते, आणि फवाऱ्याचा तुषार तिच्या जाड पानांवरही बसतो. विषाचा डाग दिसत नाहीं आणि तें तीन पाण्यांनीं जाईलच असें नाहीं. म्हणून निंदणाऱ्या बायांनीं शेताच्या मालकाला शेवटची फवारणी केव्हां व कशाची झाली हें आधीं विचारावें, आणि मालकानेंही तें सरळ सांगावें. पूर्वीं रानांत हा प्रश्न नव्हता. आतां ओळखीच्या पहिल्या पायरीइतकाच तो महत्त्वाचा झाला आहे. शहरांतल्या मंडळींनीं गटाराच्या कडेची, रहदारीच्या रस्त्यालगतची आणि औषध मारलेल्या हिरवळींतली घोळ घेऊं नये. सांडपाण्यावर ती फार टवटवीत दिसते, एवढ्यानें भुलूं नये.

ज्यांना जागेची खात्री हवी, त्यांना ती कुंडींत मिळूं शकते. बाजारांतून आणलेल्या जुडींतले चार-सहा जून देंठ फेंकून न देतां वीतभर रुंदीच्या कुंडींत तिरपे खोंचावे. मातींत खत फार नको, पाणी आड दिवसानें पुरे, ऊन मात्र भरपूर असावें. पेरांना मुळ्या फुटून नवे शेंडे धरले, कीं वरचे वर खुडीत राहावें. खुडल्यानें ती अधिक फुटते. आणि झांकणाचीं बोंडें दिसूं लागतांच तीं काढून टाकावीं, नाहींतर पुढच्या पावसाळ्यांत शेजाऱ्यांच्या तुळशींत, गुलाबांत आणि जिन्याच्या फटींतही घोळ उगवेल, आणि ती कोठून आली हें त्यांना विचारावें लागणार नाहीं.